शेकरूच्या मागावरून रातभुंग्यापर्यंत: भीमाशंकरच्या रानातलं एक प्रकरण

जीवशास्त्र शिकणाऱ्या एखाद्या मुलीने घरी सांगितलं, की मला कीटकांवर काम करायचंय, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग कृषी विद्यापीठात जाणार का? प्रश्न विचारणाऱ्यांची चूक नाही. आपल्याकडे कीटकशास्त्र म्हटलं की बोंडअळी, मावा, तुडतुडे, लष्करी अळी आणि त्यांचा बंदोबस्त एवढंच डोळ्यांसमोर येतं. ते काम शेतकऱ्याच्या पोटापाण्याशी जोडलेलं आहे, त्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण रानातले कीटक काय करतात, कुठलं झाड कोणाच्या जिवावर फळतं, तो कीटक गेला तर त्या झाडाचं काय होईल, असे प्रश्न घेऊन एखादी बाई आयुष्यभराचं वैज्ञानिक काम उभं करू शकते का?

या प्रश्नावर विद्यार्थिनींशी बोलताना मी एकच प्रकरण पुन्हा पुन्हा सांगते. परदेशातली थोर चरित्रं आहेत, ती वाचावीतच. पण हे प्रकरण पुणे जिल्ह्यातल्या रानात घडलेलं आहे, आणि ते नीट उलगडून पाहिलं तर कीटकांचं काम कसं उभं राहतं हे त्यात सगळं सापडतं. ते आहे रेनी बोर्जेस आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या हेमा सोमनाथन यांचं.

सुरुवात कीटकापासून झाली नव्हती

बोर्जेस मुंबईत शिकल्या आणि पुढे अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठातून 1989 साली त्यांनी पीएचडी मिळवली. विषय होता शेकरू. आपल्या राज्याचा हा प्राणी झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उड्या मारतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. तो काय खातो, कधी खातो, एखादं झाड सोडून दुसऱ्यावर का जातो, हे त्यांनी दोन रानांत पाहिलं. एक भीमाशंकर, दुसरं कर्नाटकातलं मागोड.

शेकरूचा अभ्यास म्हणजे झाडांचा अभ्यास. कुठल्या महिन्यात कोणतं झाड फुलतं, कोणतं फळतं, टंचाईच्या दिवसांत काय उरतं, याची नोंद ठेवल्याशिवाय शेकरूचं वागणं कळतच नाही. 1993 साली बोर्जेस यांचा जो शोधनिबंध आला, त्यात शेकरू, फळांची टंचाई आणि वड-उंबराच्या कुळातली झाडं हे तिन्ही विषय एकत्र आले होते. पुढच्या कामाचं बीज मला इथे दिसतं. उंबराची फळं शेकरूला मिळतात, कारण त्याआधी तिळाएवढी एक माशी त्या फळात शिरलेली असते. फळ खाणाऱ्याकडून मागे मागे जात राहिलं की माणूस परागवाहकापाशी येऊन पोचतो. कीटकाचं वेड लहानपणापासूनच असायला हवं असं काही नाही. प्रश्न नेटाने धरून ठेवला तर तोच कीटकांपर्यंत घेऊन येतो.

भीमाशंकरविषयी थोडं सांगायला हवं. 1985 साली अभयारण्य जाहीर झालेला हा सुमारे 130 चौरस किलोमीटरचा पट्टा आहे. घाटमाथ्यावरचं सदाहरित रान, पावसाळ्यात दिवसचे दिवस धुक्यात बुडालेलं. मधोमध ज्योतिर्लिंग, भोवती महादेव कोळ्यांची गावं आणि पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या देवराया. रान सलग नाही, त्याचे तुकडे आहेत. संशोधनाच्या दृष्टीने ही अडचण वाटेल, पण बोर्जेस आणि सोमनाथन यांनी तोच प्रश्न केला. 2000 साली त्यांनी इथल्या अशा झाडांवर काम प्रसिद्ध केलं, ज्यांच्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. अशा जातीची तोड झाली तर नुकसान नुसत्या बुंध्यांच्या आकड्यांत मोजता येत नाही. मादी झाडं उभी असतात, हिरवीगार असतात, पण जवळचा नर तोडला गेलेला असतो आणि मधलं अंतर पार करणारा कीटक येत नाही. वनखात्याच्या नोंदीत ते झाड शाबूत असतं. रानाच्या हिशेबात ते वांझ झालेलं असतं.

वारस आणि त्याचा रात्रीचा पाहुणा

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येते.

भीमाशंकर परिसरात वारस नावाचं झाड आहे. उन्हाळा लागता लागता पानं झडलेल्या फांद्यांवर त्याला पांढऱ्या, सुवासिक फुलांचे झुबके येतात, आणि ही फुलं रात्री उमलतात. पुस्तकी नियम असा, की पांढरं, वासाचं, रात्रीचं फूल दिसलं तर पतंगांकडे नाहीतर वटवाघळांकडे बोट दाखवावं. मधमाश्यांचं कुळ या यादीत धरायचंच नाही, कारण माश्या दिवसा उडतात. बोर्जेस आणि सोमनाथन यांनी रात्री बसून पाहिलं तेव्हा वारसाच्या फुलांवर येत होता तो मधमाश्यांच्याच कुळातला भुंगा. लाकूड कोरून घर करणारा, अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठा, काळा भुंगा. 2001 साली हे निरीक्षण प्रसिद्ध झालं.

हा भुंगा तुम्हीही पाहिला असेल. जुन्या घराच्या वाशाला किंवा वाळक्या फांदीला बोट जाईल एवढं गोल भोक असतं, कंपासने आखल्यासारखं, आणि खाली पिवळसर भुशाची छोटी रास. आत मादी लाकडातच बोगदा कोरते. बोगद्याचे भाग पाडून प्रत्येकात पराग आणि मध कालवून केलेला गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि भुशाच्या पडद्याने तो भाग बंद करते. मधमाश्यांसारखी हजारोंची वसाहत इथे नसते. थोडी अंडी, मोठी अंडी, आणि प्रत्येकामागे भरपूर कष्ट. म्हणून या जातींची संख्या एकदा घटली तर ती लवकर भरून येत नाही. आणि हे सगळं मेलेल्या लाकडावर अवलंबून असतं. रान साफ करताना सगळ्यात आधी जे उचललं जातं, तेच याचं घर.

भीमाशंकरला या भुंग्यांच्या तीन जाती बरोबरीने नांदतात. झायलोकोपा ल्युकोथोरॅक्स दिवसाचा. झायलोकोपा टेनुइस्कापा दिवसाचा आणि संधिप्रकाशाचा, पण चांदणं असेल तर रात्रीही बाहेर पडणारा. वारसावर आलेला तो हाच. आणि तिसरा झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, जो अमावास्येच्या अंधारातही उडतो. एकाच रानात, एकाच कुळातले तीन भाऊबंद, आणि प्रकाशाची वाटणी मात्र प्रत्येकाची निराळी. कुठल्याही जीवशास्त्रज्ञाला ही सोन्याची खाण वाटेल, कारण तुलना करायला लागतं ते सगळं इथे एका जागी मिळतं.

अमावास्येला उडण्यात एवढं नवल काय? अडचण डोळ्याची आहे. पतंगांच्या संयुक्त डोळ्यात अनेक भिंगांतून आलेला प्रकाश एका जागी गोळा होतो, म्हणून त्यांना अंधारात निभावता येतं. मधमाशीच्या कुळाच्या डोळ्याची रचना तशी नाही. तिथे प्रत्येक बारीक भिंगाने आपापल्यापुरताच प्रकाश घ्यायचा. घरातला प्रत्येक जण आपल्याच कमाईवर जगतोय, सामायिक चूल नाही, असा कारभार. आणि नुसत्या ताऱ्यांच्या उजेडाची रात्र भर दुपारच्या उन्हापेक्षा सुमारे दहा कोटी पटींनी अंधारी असते. अशा डोळ्याने अशा रात्री झाडीतून उडत जाणं आणि परत येऊन स्वतःच्याच घराचं भोक शोधणं, हे पाठ्यपुस्तकाच्या बाहेरचं होतं.

सोमनाथन हा प्रश्न घेऊन स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात गेल्या. तिथे एरिक वॉरंट आणि आल्मुट केल्बर हे अंधारातल्या दृष्टीवर काम करत होते. प्रश्न भीमाशंकरचा, डोळ्याची मोजमापं लुंडची, अशी ही सांगड बसली. या कामातून दिसलं, की रात्रीच्या जातीच्या डोळ्यातली भिंगं मोठी आहेत, प्रकाश टिपणारा आतला भाग रुंद आहे, आणि कपाळावरचे तीन साधे डोळे दिवसाच्या जातींपेक्षा ठळकपणे मोठे आहेत.

त्यापुढचा प्रयोग साधा आणि देखणा होता. भुंग्याच्या घराच्या तोंडाशी रंगीत खूण ठेवायची, त्याला तिची सवय होऊ द्यायची, मग खुणेची जागा बदलायची आणि पाहायचं, की रात्री परतलेला भुंगा कुठे जातो. तो केवळ उजळ-अंधूक यावरून ठरवत असेल ही शंका राहू नये म्हणून तुलनेला करड्या रंगाच्या छटा. भुंगा रंगाच्या मागे गेला. आपल्याला त्या प्रकाशात रंग दिसतच नाहीत, सगळं राखाडी होऊन जातं. त्याला ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखता येतो आणि लक्षातही राहतो. 2008 साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात हा निबंध आला. लेखकांची नावं सोमनाथन, बोर्जेस, वॉरंट आणि केल्बर. चौघांत तीन बायका, आणि प्रयोगातला कीटक पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरचा.

या निबंधाचा मला अभिमान वाटतो, आणि तो लपवण्याचं काही कारण नाही. पण विद्यार्थिनींना मी त्याआधीच्या 2001 च्या निबंधाकडे जास्त वेळ थांबवते. 2008 चा शोध लागला तो 2001 च्या त्या रात्रींमुळे, जेव्हा झाडाखाली बसून नुसतं पाहायचं आणि लिहायचं होतं. उपकरणं पुढे आली. कोण येतंय हे आधी डोळ्यांनी ठरलं.

याच काळातलं आणखी एक काम सांगून पुढे जाते. 2004 साली सोमनाथन, बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्याने वारसाशेजारी रामेठा नावाचं झुडूप अभ्यासाला घेतलं. रामेठ्याचं परागीभवन भुंगेरे, म्हणजे कठीण पाठीचे ढालकिडे, करतात, वारसाचं हे भुंगे. एखाद्या झाडाला फळं किती धरतील हे त्याच्या स्वतःच्या फुलोऱ्यावर ठरतं की शेजारी किती झाडं फुलली आहेत त्यावरही, हा प्रश्न होता. दूरवर उडणारा धिप्पाड भुंगा आणि छोटा भुंगेरा यांच्यासाठी ‘शेजार’ सारखाच असेल असं धरून चालता येत नाही. संवर्धनाचा नकाशा आखताना नेमकी हीच गोष्ट निसटते.

दाराशी उभं असलेलं उंबर

बोर्जेस बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसर विज्ञान केंद्रात प्राध्यापक झाल्या आणि तिथे त्यांच्या गटाने उंबर हाती घेतलं. उंबराचं फूल दिसत नाही असं आपण म्हणतो, कारण फुलं फळाच्या आतच असतात. मादी माशी फळाच्या टोकाशी असलेल्या चिंचोळ्या वाटेने आत घुसते, घुसताना पंख गमावते, आतल्या फुलांना पराग देते, काहींत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर बाहेर पडायचा बोगदा कोरतात आणि माद्या पराग घेऊन नव्या झाडाच्या शोधात निघतात. प्रौढ माशीचं आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात योग्य अवस्थेतलं दुसरं उंबर सापडलं नाही, तर सगळं वाया.

त्या एका परागवाहक माशीशिवाय आणखी सहा जातींच्या माश्या त्याच फळावर जगतात. कुणी फळाच्या भिंतीतून बाहेरूनच अंडी घालतं, कुणी दुसऱ्याच्या अळीवर. प्रत्येकीचं अंडी घालायचं साधन तिच्या धंद्याप्रमाणे घडलेलं आहे, हे बोर्जेस यांच्या गटाने 2011 साली दाखवलं. त्याच संस्थेतल्या दुसऱ्या एका गटाला अशा एका साधनाच्या टोकाशी जस्त सापडलं; कठीण फळ भेदायला टोक कठीण हवं. फळांचा वास दिवसा निराळा आणि रात्री निराळा असतो. माश्यांच्या अंगावर बसून प्रवास करणाऱ्या सूक्ष्म कृमींचाही अभ्यास झाला, आणि त्यात दिसलं, की आधीच गर्दी असलेली माशी हे कृमी टाळतात. वाळवीवरही काम झालं. वारुळात बुरशीची शेती करणारी वाळवी तणासारखी उगवणारी परकी बुरशी वासावरून ओळखते आणि मातीत गाडून टाकते.

यातल्या बऱ्याच कामासाठी दूरच्या रानात तळ ठोकावा लागला नाही. उंबर आणि वारूळ संस्थेच्या आवारातही होते. रात्रीचं क्षेत्रकाम बाईला आपल्या समाजात आजही सोपं नाही. परवानगी, सोबत, राहायची जागा, घरच्यांची काळजी, सगळ्यांशी आधी झगडायचं आणि मग निरीक्षणाला बसायचं. हे बदललंच पाहिजे. पण ते बदलेपर्यंत काम थांबवायची गरज नाही. चालत जाऊन पोचता येईल अशा झाडावर उत्तम विज्ञान होतं, याचा हा रोखठोक पुरावा आहे. काम घराजवळचं आहे म्हणून ते हलकं ठरत नाही.

नऊ किलोमीटरचा चौकोन

मार्च 2010 मध्ये केंद्र सरकारने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ गट नेमला. त्यात बोर्जेस सदस्य होत्या. ऑगस्ट 2011 मध्ये अहवाल सादर झाला. घाटाचे साधारण नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून, प्रत्येकाचं मोल ठरवून, संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी सुचवल्या होत्या आणि निर्णयात ग्रामसभांना मान द्यावा असं म्हटलं होतं. पुढे या अहवालाचा फेरविचार करायला नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने घाटाचं सुमारे 37 टक्के क्षेत्र संवेदनशील धरायला सांगितलं. जुलै 2024 च्या अखेरीस हे क्षेत्र संवेदनशील जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला. एवढ्या वर्षांत मसुद्यांवर मसुदे, हे पाहून संताप येतो.

कीटकांवर काम करणारी व्यक्ती अशा गटात असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. वाघ आणि हत्ती यांच्या बाजूने बोलणारे मिळतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या परिशिष्टांत कीटक आहेत, पण मुख्यतः फुलपाखरं आणि मोजके इतर. रातभुंग्याच्या नावाने कोणी फलक लावत नाही. त्याच्या बाजूने बोलायचं तर त्याचं घर, त्याचं फूल, त्याचा प्रकाश हे सगळं आधी कुणीतरी मोजलेलं असावं लागतं.

आणि इथेच या प्रकरणातला न सुटलेला पेच आहे. धोरण नऊ किलोमीटरच्या चौकोनात विचार करतं. भुंग्याला लागतो एक वाळका बुंधा, उडण्याच्या टप्प्यात फुललेला वारस आणि अंधार. चौकोन संवेदनशील ठरला तरी त्यातलं वाळकं लाकूड सरपणाला गेलं, यात्रेच्या रस्त्यावर रात्रभर प्रखर दिवे लागले, तर कागदावर रान वाचेल आणि भुंगा जाईल. बोर्जेस, सोमनाथन आणि केल्बर यांनी 2016 साली रात्रीच्या आणि संधिकाळच्या परागीभवनाचा जगभरचा आढावा घेतला. माझ्या मते आपल्या संवर्धनाच्या चर्चेत या विषयाला अजून जागा मिळालेली नाही. आपण जमीन राखायची भाषा शिकलो, रात्र राखायची शिकलो नाही. सरपण नेणाऱ्या बाईला यात दोषी धरणं मात्र मला मान्य नाही. तिला गॅसची टाकी परवडेल अशी सोय करणं हा भुंग्याच्या संवर्धनाचाच भाग आहे.

सोमनाथन आज तिरुवनंतपुरमच्या आयसरमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, स्वतःचा गट चालवतात. 2009 साली त्यांनी फुलोरी, सातेरी आणि आग्या या आपल्या तीन मधमाश्यांच्या डोळ्यांची तुलना प्रसिद्ध केली. आग्या माशी चांदण्या रात्री उडते हे मध काढणाऱ्यांना ठाऊक होतं. तिच्या डोळ्यात त्याचं कारण शोधलं गेलं. एकीच्या कामातून दुसरीचा गट उभा राहतो, तिच्याकडे पुढच्या मुली येतात. शिष्यवृत्त्यांच्या यादीत हे दिसत नाही, पण बायकांचं विज्ञान टिकतं ते याच्याच जोरावर.

भीमाशंकर, जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागातल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलींसाठी यातला एक धागा आजही मोकळा आहे: वाळकं लाकूड. गावाजवळच्या देवराईतले वाळके बुंधे मोजावेत, त्यातली भुंग्यांची भोकं मोजावीत, कुठल्या झाडाचं लाकूड ते निवडतात ते लिहावं, आणि हेच रस्त्याकडेच्या, दिव्यांखालच्या रानात करून पाहावं. लागते ती वही, मोजपट्टी आणि लाल कागद लावलेली विजेरी, कारण लाल उजेड बहुतेक कीटकांना जाणवत नाही. देवराईसाठी आधी गावाला विचारावं, गुरवाला आणि जुन्या बायकांना सोबत घ्यावं. कोणतं झाड कधी वाळलं हे त्यांनाच माहीत असतं. अभयारण्याच्या हद्दीत काम करायचं तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. वारस उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतो, तेव्हा हा अर्ज पावसाळ्यातच टाकलेला बरा.